तीर्थनमधला वसंत: ट्राउटसाठी पाणी कसं वाचायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एप्रिलच्या मध्यावर चार-पाच दिवस ट्राउट मासे धरायला हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यात जायचंय. फ्लाय रॉड नवा आहे, आजवरचा अनुभव मुळशी-पवनेच्या बाजूला केलेल्या स्पिनिंगचा (धातूचं आमिष फेकून ओढण्याचा). त्या सुमारास बर्फ वितळून पाणी गढूळ झालेलं असेल का, मुख्य नदीवर थांबावं की वरच्या ओढ्यांकडे जावं, आणि फ्लाय (गळावर पिसं-दोऱ्याने बांधलेले नकली किडे) कोणते न्यावेत?

एप्रिलचा मध्य चांगला आहे, जरूर जा. पण तारखेवर भिस्त ठेवू नका. वसंतात डोंगरी नदीवर तुमचा दिवस दोन गोष्टी ठरवतात: पाण्याचं तापमान चढतंय की उतरतंय, आणि पातळी चढतेय की उतरतेय. या दोन दिशा ज्याला कळल्या त्याला साध्या चार फ्लायवर मासे मिळतात. ज्याला कळल्या नाहीत त्याच्या डबीत शंभर फ्लाय असले तरी तो दिवसभर नुसती दोरी फिरवत राहतो. म्हणून रॉडच्या आधी एक साधा थर्मामीटर घ्या आणि त्याला दोरी बांधा.

तापमानाचं महत्त्व आधी सांगते. ट्राउट हा शीतरक्ताचा प्राणी आहे, म्हणजे पाणी जितकं थंड तितकं त्याचं शरीर मंद. पाणी 5 अंशांवर असताना त्याचं पचन इतकं सावकाश चालतं, की एकदा पोटात काही गेलं की पुढे बराच वेळ त्याला भूकच नसते. 7 अंशांच्या वर तो हालचाल करू लागतो आणि 10 ते 14 अंशांमध्ये मनापासून खातो. ब्राउन ट्राउटची वाढ 13-14 अंशांच्या आसपास सगळ्यात चांगली होते. 19-20 च्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो. सह्याद्रीच्या नद्यांमध्ये हा मासा का नाही, याचं उत्तरही त्यातच आलं.

पण नुसता आकडा फसवतो. थर्मामीटर 8 दाखवतोय असं धरा. सकाळी अकरा वाजता 6 वरून चढत चढत तो 8 वर आला असेल, तर मासे जागे होताहेत आणि पुढचे दोन-तीन तास तुमचे आहेत. तोच आकडा दुपारी चार वाजता 10 वरून घसरून 8 झाला असेल, तर वरून बर्फाचं पाणी येऊन पोचलंय आणि माशांनी तोंड मिटलंय. पाणी तेवढंच थंड, मासाही तोच, पण वागणं उलट. म्हणून दर तासाला तापमान बघा आणि वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या दिवशी तुमच्या वहीत त्या नदीचं वेळापत्रक तयार असेल.

हे वेळापत्रक कसं बनतं ते नीट समजून घ्या, कारण वसंतातली सगळी गंमत त्यात आहे. उन्हाने बर्फ सगळ्यात जोरात वितळतं ते दुपारी एक-दोनच्या सुमारास. पण ते पाणी लगेच तुमच्या पायाशी येत नाही. आधी ते बर्फाच्या थरातून झिरपतं, मग नाल्यात येतं, मग नदीतून वाहत खाली पोचतं. बर्फाची रेषा तुमच्यापासून वीस किलोमीटर वर असेल आणि पाणी सेकंदाला सरासरी दीड मीटर वेगाने येत असेल, तर नुसत्या प्रवासालाच पावणेचार तास लागतात. म्हणजे खोऱ्यातल्या गुशैणी गावाजवळ त्या दिवसाचं पाणी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास चढतं, खाली बंजार किंवा लारजीच्या दिशेला त्याहून उशिरा. रात्री वर गोठलं की वितळणं थांबतं आणि पहाटे नदी सगळ्यात कमी आणि निवळ असते. जसजसा एप्रिल सरतो तशी बर्फाची रेषा वर सरकते, पाण्याचा प्रवास लांबतो आणि चढाची वेळही बदलते. म्हणून मित्राने सांगितलेली गेल्या वर्षीची वेळ या वर्षी जशीच्या तशी धरू नका.

पातळीची दिशा ओळखायला उपकरण लागत नाही. शांत पाण्याच्या काठावरचा एखादा मोठा धोंडा बघा. पाण्याच्या रेषेच्या वर ओलसर काळपट पट्टा दिसत असेल तर पाणी उतरतंय. कोरडा, पांढरट दगड थेट पाण्याला भिडलेला असेल तर पाणी चढतंय. जिथे शिंतोडे उडतात तिथला दगड मात्र या कामाला चालत नाही. खात्री हवी असेल तर पाण्याच्या अगदी कडेला एक गोटा ठेवा आणि अर्ध्या तासाने त्याच्याकडे बघा. मी आजही दर वेळी हेच करते.

आता तुमच्या दिवसांबद्दल. हिमाचलात ट्राउटला 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते, हंगाम 1 मार्चला उघडतो. मार्चमध्ये तीर्थन बारीक, काचेसारखी स्वच्छ आणि फार थंड असते. मासे दिसतात, पण तुम्हीही त्यांना दिसता. मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत पाणी थोडं वाढतं, किंचित हिरवट होतं, दुपारी 10 अंशांच्या पुढे जातं. माझ्या मते वर्षातला हा सर्वांत चांगला काळ. एप्रिलच्या शेवटापासून मे महिनाभर बर्फाच्या पाण्याचा जोर असतो. पाऊस संपल्यावर सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये नदी पुन्हा खुलते. सुट्ट्यांमुळे मराठी मंडळी मे महिन्यात मोठ्या संख्येने कुलू-मनालीकडे येतात आणि बियासचं राखाडी पाणी बघून हळहळतात. तुम्ही महिनाभर आधी येताय, हे उत्तम.

गढूळपणाच्या बाबतीत तीर्थनची गोष्ट शेजारणींपेक्षा बरी आहे. पार्वतीचं पाणी मोठ्या हिमनद्यांमधून येतं, हिमनद्या खडक दळतात, आणि त्या पिठाने नदी उन्हाळाभर राखाडी राहते. तीर्थनमध्ये हंगामी बर्फाचा वाटा मोठा आहे, वरची जंगलं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये सांभाळलेली आहेत, आणि नदीवर मोठं धरण नाही. त्यामुळे ती चढली तरी लवकर निवळते. रंग मात्र ओळखायला शिका. हिरवट-दुधाळ पाण्यात गुडघाभर खोलीवर स्वतःचे बूट अंधुक दिसत असतील तर बिनधास्त गळ टाका, असं पाणी उलट तुमच्या बाजूचं आहे, कारण मासा बुजत नाही. बूट दिसत नसतील आणि वर काटक्या-पाला वाहत येत असेल तर नदी चढतेय. त्या वेळी रॉड आवरून काठावर बसा.

हवामानाबद्दल एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. कडक ऊन, निळं आकाश, उबदार रात्र हा सहलीसाठी सुंदर दिवस, पण मासेमारीसाठी वाईट. रात्री वर गोठलं नाही की वितळणं चालूच राहतं आणि सकाळचा निवळ तुकडा मिळतच नाही. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा) येऊन गेला की खोऱ्यात पाऊस आणि जलोडी जोत या खिंडीच्या बाजूला नवं बर्फ पडतं. पावसाचा पहिला दिवस गढूळ जातो. पण त्यानंतरचा थंड, ढगाळ दिवस सोडू नका: वर वितळणं थांबलेलं असतं, नदी उतरत असते, आणि ढगाखाली छोट्या ऑलिव्ह रंगाच्या मेफ्लाय (पाण्यात वाढणारे नाजूक पंखांचे किडे) भर दुपारी पृष्ठभागावर येतात. होमस्टेमध्ये रजई ओढून बसलेल्या पाहुण्यांना मी अशाच दिवशी उठवून नदीवर नेते.

मुख्य नदी की ओढे? दोन्ही, पण वेळ बघून. गुशैणीला बठाडकडून येणारा पलाचन तीर्थनला मिळतो, आणि बंजारजवळ जिभीकडचा ओढा. ओढ्यांचं पाणलोट लहान, त्यामुळे पाऊस थांबल्यावर ते आधी निवळतात. मुख्य नदीला दीड दिवस लागेल तिथे ओढा अर्ध्या दिवसात खेळण्याजोगा होतो. पण लहान ओढा वितळत्या बर्फाला लवकर उत्तर देतो, तिथे थंड पाणी दुपारीच येऊन पोचतं. शिवाय उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर बर्फ उशिरापर्यंत टिकतं, त्या बाजूचे ओढे एप्रिलमध्येही सुस्त असतात. दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या, उन्हाच्या दऱ्या आधी जाग्या होतात. मी सुचवेन की सकाळी साडेनऊ-दहापासून नागिणी ते गुशैणीच्या पट्ट्यात मुख्य नदीवर सुरुवात करा, आणि ओढे पावसानंतरच्या दिवसासाठी राखून ठेवा. पहाटे पाचला उठायची गरज नाही. त्या वेळी पाणी सुंदर असतं, पण मासा झोपेत असतो.

वर चढत जाल तेव्हा राष्ट्रीय उद्यानाची हद्द सांभाळा. आत गळ टाकायचा नाही. मत्स्य विभागाचा दिवसाचा परवाना असतो, बहुतेक होमस्टेवाले काढून देतात. किती मासे, किती लांबीचे, हे नियम परवान्यासोबत विचारून घ्या.

मासा कुठे असेल? दिवसभरात तो जागा बदलतो आणि ही बदली तापमानाच्या मागोमाग होते. सकाळच्या थंडीत तो डोहाच्या खोल, संथ भागात तळाला असतो, जिथे ताकद खर्च होत नाही. पाणी 8-9 अंशांवर गेलं की तो डोहाच्या तोंडाकडे सरकतो, जिथे वरची धार आत पडते आणि खाणं वाहून येतं. दुपारी 10-11 झालं की तो मोठ्या धोंड्यांच्या पुढच्या आणि मागच्या शांत खिशांत येऊन बसतो. तीर्थनमध्ये असे खिसे पावलापावलाला आहेत आणि नवशिक्याला तेच सगळ्यात जास्त मासे देतात. जोराची धार आणि संथ पाणी जिथे शेजारी वाहतात त्या रेघेवर फेस लांबत जातो, त्या फेसाच्या रेघेखाली फ्लाय न्या. संध्याकाळी पाणी चढलं की हेच मासे मधली धार सोडून काठाला येतात, कधी कधी काठापासून हातभर अंतरावर. अशा वेळी धाडकन पाण्यात उतरलात तर मासे तुमच्या पायाखालूनच पळतील.

फ्लाय निवडण्याआधी उथळ पाण्यातले दोन-तीन दगड उलटा. चपटे, दगडाला चिकटून सरपटणारे मेफ्लायचे जीव, वाळूकणांच्या नळीत राहणारे कॅडिस, आणि दोन शेपट्यांचे तपकिरी स्टोनफ्लाय दिसतील. मेफ्लायच्या पाठीवरचे पंखांचे कोष काळे पडले असतील तर ते लवकरच वर येणार आहेत. दगड पुन्हा होता तसा ठेवा.

वसंतात तळाशी निम्फ (पाण्याखालच्या अशा अपक्व किड्यांची नक्कल करणारा फ्लाय) चालवणं हाच मुख्य खेळ. फेझंट टेल आणि हेअर्स इअर, 14 आणि 16 नंबरच्या (हा गळाचा नंबर, आकडा मोठा तसा गळ लहान), 3 मिलिमीटरचा टंगस्टन मणी असलेल्या. सोबत 10-12 नंबरची तपकिरी स्टोनफ्लाय निम्फ. गढुळलेल्या पाण्यासाठी काळा किंवा ऑलिव्ह वूली बगर, 8-10 नंबरचा. वर खाणारे मासे दिसले तर अ‍ॅडम्स 16 आणि एल्क हेअर कॅडिस 14. एवढं पुरे. प्रत्येकाचे चार-पाच न्या, कारण दगड बरेच गिळतात.

रॉड एकच न्यायचा असेल तर साडेआठ फुटी 4 वेट (वेट म्हणजे रॉडला लागणाऱ्या लाइनच्या वजनाचा क्रमांक). मुख्य नदीवर नऊ फुटी 5 वेट सोयीचा, आणि वर झाडी असलेल्या ओढ्यात साडेसात फुटी 3 वेट. तरंगती लाइन, तिच्यापुढे नऊ फुटी निमुळता दोरा (लीडर), आणि त्याच्या टोकाला बारीक दोरा (टिपेट): निवळ पाण्यात 5एक्स, रंग असेल तर थोडा जाड 4एक्स.

तुम्ही स्पिनिंगमधून येताय, म्हणून एक सवय मुद्दाम मोडावी लागेल. स्पून किंवा स्पिनर आपण ओढतो, तो हलतो म्हणून मासा येतो. निम्फच्या बाबतीत उलट आहे. ती प्रवाहाच्या वेगाने, किंबहुना तळाच्या वेगाने वाहायला हवी, आणि तळाचा वेग वरच्या पाण्यापेक्षा बराच कमी असतो. लाइन वरच्या धारेवर पडली की ती निम्फला ओढते आणि थंडीने सुस्तावलेला मासा ओढली जाणारी गोष्ट पाठलाग करून धरत नाही. म्हणून प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करा, जवळ जा, पाच-सहा मीटरच लाइन बाहेर काढा, रॉडचं टोक उंच धरा आणि शक्य तितकी लाइन पाण्याच्या वर ठेवा. निम्फ अधूनमधून दगडाला टकटक लागली पाहिजे. लागत नसेल तर फ्लाय बदलू नका, वजन वाढवा. मासा लागत नसताना आधी खोली बदलायची, मग वेग, आणि सगळ्यात शेवटी फ्लाय. बहुतेक जण नेमकं उलट करतात. थंड पाण्यात मासा जोरात ओढत नाही, लाइन फक्त क्षणभर थबकते. प्रत्येक थबकण्यावर रॉड हलका उचला.

वाचनाबद्दलही सांगते. इथे ब्राउन ट्राउट मुळात बाहेरून आला. स्कॉटलंडहून 1900 मध्ये अंडी काश्मीरला पोचली, आणि 1909 मध्ये हॉवेल या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी काश्मीरहून कुलू खोऱ्यात आणून कटराईंजवळच्या महिलीला हॅचरी (अंडी उबवण्याचं केंद्र) केली. म्हणून नवशिके ब्रिटिश पुस्तकांकडे वळतात. त्यातले किडे आणि फ्लाय इथे लागू पडतात, पण वेळा पडत नाहीत, कारण तिथल्या नद्या मुख्यतः पावसावर चालतात. बर्फाच्या नदीसाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो-मोंटानाच्या लोकांचं लेखन जास्त उपयोगी आहे, त्यांना हाच रोजचा चढ-उतार माहीत असतो.

आता पाण्यात पाय कुठे ठेवायचा ते. ब्राउन ट्राउट इथे हिवाळ्यात खडीत अंडी घालतो. अंडी फुटायला साधारण 400 ते 450 अंश-दिवस (रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज) लागतात, म्हणजे पाणी सरासरी 5 अंश असेल तर 80-90 दिवस. फुटल्यावरही पिल्लं पोटाशी असलेल्या पिवळ्या पिशवीवर जगत आणखी काही आठवडे खडीतच दडून राहतात. डिसेंबरात घातलेली अंडी धरली तर एप्रिलमध्ये ती पिल्लं तुमच्या बुटाखाली असू शकतात. डोहाच्या शेवटाला, पाणी उथळ होतं तिथे, सुपारी ते लिंबाएवढ्या स्वच्छ गोट्यांचा फिकट पट्टा दिसला तर त्यावर चालू नका, काठाने वळसा घाला. ही नदी पुढची दहा वर्षं अशीच राहावी असं वाटत असेल तर याहून मोठं काम तुमच्या हातात नाही. गळाचे काटे बिनदात्याचे ठेवा, पक्कडने दात दाबला की झालं. हात ओले करून मासा धरा, आणि पाण्याबाहेर काढायचाच असेल तर फोटोपुरता. रेनबो हवा असेल तर खोऱ्यात ट्राउटची शेततळी आहेत, तिथला मासा ताटात घ्या आणि नदीतला ब्राउन सोडून द्या. फिकट रंगाचा, तोंड खालच्या बाजूला असलेला मासा लागला तर तो इथला मूळ रहिवासी, स्थानिक लोक त्याला गुगली म्हणतात. त्यालाही हळुवार सोडा.

सुरक्षेचं सांगते, ते गांभीर्याने घ्या. सकाळी पलीकडच्या काठावर सहज चालत जाता येतं, संध्याकाळी त्याच जागी पाणी मांडीपर्यंत येऊन ओढ धरतं. सकाळी ओलांडलेली नदी दुपारी तीनच्या आत परत ओलांडा, नाहीतर पूल असेल त्याच बाजूला राहा. गुडघ्याच्या वर पाण्यात शिरू नका, काठी जवळ असू द्या, वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घातला असेल तर कमरेचा पट्टा घट्ट आवळा. 6-7 अंशांच्या पाण्यात पडलात तर पहिल्या मिनिटात श्वासच ताब्यात राहत नाही, मग चांगलं पोहता येऊनही उपयोग होत नाही.

तीर्थनवर मोठं धरण नाही म्हणून ती सहसा हळूहळू चढते. शेजारच्या सैंज आणि बियास नद्यांचं तसं नाही, तिथे जलविद्युत प्रकल्प आहेत आणि पाणी काही मिनिटांत वाढतं. 8 जून 2014 रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे 24 अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. तो पावसाचा पूर नव्हता. धरणाच्या खालच्या पट्ट्यात पात्रात उतरायचंच नाही, कितीही सुंदर डोह दिसला तरी.

शेवटी, जुने नकाशे आणि व्हिडिओ बघून डोह शोधू नका. जुलै 2023 च्या पुराने या सगळ्या खोऱ्यांत पात्रं बदलली, डोह भरले, नवे कोरले गेले. पहिल्या दिवशी गुशैणीचा एखादा स्थानिक मार्गदर्शक सोबत घ्या, त्याला यंदाची नदी माहीत असते. त्याच्याबरोबर सकाळी नऊला पुलावर उभं राहून तापमान घ्या, काठाला गोटा ठेवा, आणि साडेदहापर्यंत तो आकडा 8 च्या वर गेला तर पहिला फ्लाय 14 नंबरचा हेअर्स इअर बांधा.